वाळूत लावलेल्या अकरा दिव्यांबाबत

प्रति,
मा. वनाधिकारी साहेब,
वन कार्यालय, छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : आवडाबाई कडूबा म्हस्के, वय ६७, मूळ तालुका गंगापूर, हल्ली मुक्काम गुलमंडीमागे.

विषय : कासवाची पिल्ले मेल्याचा गुन्हा अर्जदाराच्या नावे नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या दारावर मिळालेले तोंडी उत्तर, "मावशी, आपल्या जिल्ह्यात समुद्रच नाय."

महोदय,

वरील उत्तर अर्जदार बाईंना मान्य आहे. जिल्ह्यात समुद्र असता तर पुढचे घडलेच नसते.

१. मागच्या मार्चात बाई गल्लीतल्या दहा बायकांबरोबर कोकणात सहलीला गेल्या. समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला. चपला हातात धरून दुपारभर घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या, कुणी बोलावले तरी बाहेर येईनात. फार आवडला. त्याबद्दल काही तक्रार नाही.

२. दिवेलागणीला बायकांनी गोदावरीची भरतात तशी समुद्राची ओटी भरली. नदीत दिवे सोडता येतात, इथे लाट टिकू देईना. वारा पडलेला होता, म्हणून अकरा जणींनी अकरा पणत्या वर कोरड्या वाळूत ओळीने मांडल्या. अंधार पडता पडता जवळची वाळू हलली आणि तळहातापेक्षा लहान कासवे बाहेर येऊन दिव्यांकडे चालू लागली. आता आपल्याकडे कासव म्हणजे महादेवाच्या गाभाऱ्यासमोरचे दगडी, त्याला कुंकू वाहिल्याशिवाय बायामाणसे आत जात नाहीत. सोबतच्या दगडाबाई ओरडल्या, "अगं बया, देव चालत आला गं दिव्यापाशी!" मग काय विचारता. प्रत्येकीने पाठीवर कुंकू लावले, ओवाळले, आणि सगळ्या समाधानाने जेवायला गेल्या.

३. सकाळी दिवे विझलेले होते व पिल्ले त्यांच्याभोवती मरून पडली होती. काही कावळ्यांनी नेली होती. तिथला वनरक्षक आला. त्याने सांगितले, की पिल्लू उजेडाकडे जाते. अंधारात समुद्राचे पाणीच तेवढे उजळ दिसते, म्हणून ते नीट पोचते. दिवा दिसला की वाट चुकते. घरट्यांभोवती राखणीसाठी जाळी लावतात, हे घरटे जाळीबाहेर राहिलेले, त्याच्याही ध्यानात आले नव्हते. मग म्हणाला, "असू द्या आजी, तुम्हाला काय माहीत," आणि पिल्ले पिशवीत भरून गेला. किती होती ते सांगितले नाही.

४. बाई रडलेल्या नाहीत. जेवतात, भांडी घासतात, मालिका बघतात. आत काही हलत नाही, असे म्हणतात. सोमवारी देवळात जातात, दगडी कासवापाशी थांबतात, हात कुंकवापर्यंत जातो आणि तिथेच राहतो. मागची बाई म्हणते, "सरका की पुढं." त्या सरकतात.

५. लिहिणाऱ्याने बाईंना बजावले, की तीस वर्षे लोक त्याच्याकडून सुटण्यासाठी अर्ज लिहून घेतात, अडकण्यासाठी कोणी येत नाही. यजमान कडूबा बाकावर बसून होते. म्हणाले, "हबीबभाई, म्या लई सांगितलं. ऐकत नाय." तेव्हा बाईंनी बाकीच्या दहा जणींना न सांगितलेले सांगितले. तीन पिल्ले दिव्याकडे आलीच नव्हती. ती सरळ पाण्याकडे निघाली होती. लाटेत बुडतील म्हणून बाईंनी त्यांना पदरात घेतले आणि दिव्यापाशी आणून ठेवले. त्यातले एक पुन्हा पाण्याकडे गेले. बाईंनी पुन्हा आणले.

यानंतर लिहिणाऱ्याने हुज्जत घातली नाही.

सबब विनंती, की गुन्हा नोंदवावा. एकूण किती मेली तो आकडा त्या किनाऱ्यावरून मागवून बाईंना कळवावा. आणि सहलीच्या गाड्या सुटतात तिथे पाटी लावावी : समुद्र खुशाल बघा. दिवा लावू नका. पिल्लू पाण्याकडे निघाले तर निघू द्या. यातला 'खुशाल' लिहिणारा गाळणार होता, बाईंनी गाळू दिला नाही.

आकड्याची वाट पाहणारी, आपली नम्र,

निशाणी डावा अंगठा
आवडाबाई कडूबा म्हस्के

लिहिणार : हबीब करीम शेख, अर्जनवीस
दिनांक : ८ जुलै २०२४

सोबत मुद्देमाल, परत देऊ नये :
१. पणती, एक. बाकीच्या दहा जणींनी दिल्या नाहीत.
२. कुंकवाची डबी, अर्धी भरलेली.
३. त्या दिवशीचे लुगडे. धुतलेले नाही, पदरात वाळू आहे.