देश खुला झाला

मळवली

प्रिय नवाज,

नाव घेतलं म्हणून दचकू नका. समोर असता तर ‘अहो’च म्हटलं असतं, पण कागदावर नुसतं ‘अहो’ लिहिलं तर भिंतीला हाक मारल्यासारखं वाटलं. पत्र इंदुरीचे याह्याभाई आणतायत. तेही तुमच्याच तेलाच्या देशात फिटर म्हणून निघालेत, सरळ विमानानं. तुम्ही गेलात तेव्हा किती ठिकाणी विमान बदलावं लागलं होतं, आठवतं?

इकडं भाताची कापणी झाली. मी कामाला जाते त्या भाड्याच्या बंगल्यावर शनिवार-रविवार पाव्हणे असतात. मी स्वयंपाक करते, खोल्या आवरते. ते लोक पोहण्याच्या टाकीत किंचाळत असतात आणि इकडं चपात्या लाटताना कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत म्हणून माझा जीव तळमळतो. तुमच्या अम्मीला आता फारच कमी ऐकू येतं. तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या मळवलीशी बोलायचं.

बाकीच्या बायका मालिका बघतात, मी नऊ वर्षं निर्बंध बघितले. बड्या सरकारांनी तुमच्या त्या देशाला वाळीत टाकलं. वकिलाती बंद, बँका बंद, त्याचं तेल कुणी घ्यायचं नाही. अगदी भावकीतल्यासारखं! तुमचा पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलेला, आणि एकदा बाहेर पडलं की परत व्हिसा नाही. फोन कधीतरी, तोही खरखरता. मला त्या देशाचा लय राग यायचा, पण खरं सांगू? त्याचा आधारही होता. नवाज का येत नाही गं, असं कुणी विचारलं की मी ठसक्यात सांगायची, देशच बंद आहे, येणार कसा?

गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर दाखवलं, समेट झाला. वकिलातींवर झेंडे चढले, तेल काढायला परदेशी कंपन्यांची रांग लागली. मी अंगणात धावले आणि ओरडले, अम्मी, खुला झाला! खुला! आपल्यात बाई आपण होऊन नवऱ्याकडून मोकळीक मागते, त्यालाही खुलाच म्हणतात, हे माझ्या डोक्यातच नाही. अम्मी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, बरं केलंस पोरी. मी आडवी येणार न्हाई. फक्त मला तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मी हसून हसून खालीच बसले. अहो अम्मी, देश खुला झाला, देश! मग तीही हसली. त्या दिवशी शेवयांची खीर केली. कपाटातले तुमचे शर्ट काढून मी इस्त्री करून ठेवले.

मग तुमचा फोन आला. नव्या परदेशी कंपनीनं जुनी माणसं ठेवून घेतली, तुम्हाला सुपरवायझर केलं, आणखी पाच वर्षांच्या करारावर तुम्ही सहीसुद्धा केलीत. पासपोर्ट आता माझ्याच खिशात असतो, असं किती आनंदानं सांगितलंत. मी विचारलं, मग घरी कधी? तुम्ही म्हणालात, बघू.

फोन ठेवला आणि मला अम्मीचं ते ‘बरं केलंस’ आठवलं. तिनं का, कशासाठी, काही विचारलं नव्हतं. तुम्ही येणार नाही, हे तिनं कधीच ओळखलं होतं, मला मात्र ते कळायला तुमचा देश उघडावा लागला. शेजारची शालन परवा म्हणाली, आता येतीलच की तुझे मालक. मी नळ तसाच चालू ठेवून घरात निघून गेले. सांगायला काही उरलंच नाही हो. नवाज, मला फार एकटं वाटतं, आणि तुमची बायको म्हणून एकटं राहणं मला आता जमत नाही. मला खुला हवाय. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी हो हो करत सुटते, म्हणून लिहून पाठवतेय. निकाहात कबूल केलेल्या मेहरच्या रकमेतलं मी काही मागत नाही. अम्मी माझ्यापाशीच राहील, तिची काळजी करू नका. उत्तर याह्याभाईंसमोर द्या. हो म्हणा, नाही म्हणा, पण बघू म्हणू नका.

अम्मीजवळ असलेली,
कौसर