कार्डिफला, फक्त विचारायला

इदवाल,

पहिल्या बसने कार्डिफला चाललेय. तुला उठवलं असतं तर "मी नाही येणार" म्हणून दिवसभर तोंड पाडून बसला असतास. आज अपील नाहीच. अपील करू द्याल का, एवढंच कोर्टाला विचारायचंय. वकीलबाई म्हणाल्या, "परवानगी मिळाली तर तुमच्या शेताच्या भाडेपट्ट्यात अजून धुगधुगी आहे. नाही मिळाली तर संपलं."

मटणाचं सूप शेगडीवर आहे, गरम करून खा. मॉटला घरातच ठेव. संध्याकाळ झाली की तो आपल्या डोंगराकडे धावतो. आपण आता गावात भाड्याने राहतो, हे कुत्र्याला कोण समजावणार?

आणि तूही जाऊ नकोस. मंगळवारी तू दगडी कुंपणापाशी शीळ घातलीस आणि शेताबरोबर गेलेल्या आपल्या मेंढ्या धावत खाली आल्या. मालकाच्या वकिलाने त्याचीही तक्रार केलीय. कोकरू आईच्या मागे फिरून डोंगर शिकतं आणि मग तो सोडत नाही, हे मला नको सांगूस. बाबांनी आपल्या दोघांनाही तसंच वाढवलंय.

निकाल लागला की फोन करते. परवानगी मिळाली तर घरीच थांब, शहाण्यासारखा. नाही मिळाली तर फोनवर काही बोलू नकोस, मॉटला घेऊन कुंपणापाशी ये. मी शेताच्या वळणावरच उतरेन. तिथे एकदा शीळ घाल. मंगळवारी मेंढ्यांना तू एकटाच बघून आलास.

नेस्ता