टाकीखालची जागा

बाबा, तुम्ही मोटारसायकलची टाकी उचलून बसवली तो रविवार मला हल्ली फार आठवतो. ठाण्याच्या चाळीमागचं मोकळं अंगण, चिंचेखाली उभी केलेली ती लष्करी लिलावातली गाडी, आणि तिच्यासमोर उकिडवे बसलेले तुम्ही. गिरणीतले फोरमन, पण सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाहीत. ट्रकच्या जुन्या टायरचे जाड तुकडे कापून आणले होते, त्यांतून जातील असे लांब बोल्ट गिरणीतल्या लेथवर करून घेतले होते. "टाकी धर गं जरा, पुढून उचलून," तुम्ही म्हणालात. मी पदर खोचून टाकी धरली. पेट्रोल आत डुचमळलं. तुम्ही खालून रबर सरकवलंत, बोल्ट पिळलात, आणि टाकी पुढच्या बाजूने चांगली चार बोटं वर आली. नाक वर करून बसलेल्या माणसासारखी दिसत होती. मी विचारलं, हे कशासाठी? "पेट्रोल सोडायचा कॉक टाकीच्या मागे आहे. तळाचं पेट्रोल पुढेच अडून राहतं, कॉकपर्यंत पोचत नाही. पुढून उचलली की शेवटचा थेंबही मागे येतो." पटण्यासारखं होतं. पण मग टाकीखालच्या त्या फटीला दोन्ही बाजूंनी रेक्झिनचा पडदा का शिवून लावलात, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. "धूळ जाते," एवढंच म्हणालात, आणि माझ्याकडे न बघता हात पुसायला लागलात.

संशय तिथे सुरू झाला. दारूबंदीचे दिवस. कुणाच्या पिशवीत काय आहे याच्यावर सगळ्यांचा डोळा. तुम्ही तर चहासुद्धा फिका पिणारे, मामा दारूपायी घर सोडून गेला तेव्हा "त्याचं नाव या घरात निघायचं नाही," असं आईला बजावणारे. आणि तेच तुम्ही दर रविवारी जेवण झाल्यावर गाडी काढून कल्याणच्या बाजूला निघून जात होतात. आई म्हणायची, "गिरणीतल्या कुणाचं तरी काम असेल." मला ते पटत नव्हतं. मी तुमचे कोट झटकताना खिसे चाचपायचे. सदरे धुवायला टाकण्याआधी वास घेऊन बघायचे. एकदा वास आला. पेट्रोलचाच असेल, असं मी मनाला सांगितलं.

मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. एका रविवारी म्हटलं, कल्याणला मैत्रिणीकडे जायचंय, मला सोडाल का. तुम्ही नाही म्हणाल अशी माझी खात्री होती. तुम्ही म्हणालात, "चल. साडी नीट आवरून बस."

खाडीच्या पुलाजवळ पोलिसांचं नाकं. हवालदार गाडीभोवती फिरतो आहे, मागची पेटी उघडून बघतो आहे. मग टाकीपाशी थांबतो. "ही अशी काय उचललीय?"

"पेट्रोल मागे यावं म्हणून," तुम्ही म्हणता. आवाज अगदी रोजचा.

हवालदार रेक्झिनवर बोटं वाजवतो. मी मागे बसून तुमच्या मानेकडे बघते आहे. मानेवरून घामाची एक रेघ कॉलरमध्ये उतरते. आणि मला कळतं, पडद्यामागे नुसती फट नाही.

"बाई कोण?"

"मुलगी माझी. शाळेत शिकवते."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या छत्रीकडे, पर्सकडे पाहिलं, आणि बोटं काढून घेतली. "जा."

मैत्रिणीचं घर मागे गेलं तरी तुम्ही थांबला नाहीत, आणि मीही थांबा म्हटलं नाही. आंबिवलीला एका कौलारू खोलीशी गाडी उभी राहिली. तुम्ही रेक्झिन सोडलंत, फटीतून फडक्यात गुंडाळलेली औषधाची चपटी बाटली काढलीत. आत खाटेवर मामा होता. ओळखू येत नव्हता. हात असे थरथरत होते की पाण्याचं भांडं दोघांनी धरावं लागत होतं. "दारू एकदम तोडली तर झटके येऊन मरेल म्हणतात डॉक्टर," तुम्ही मला म्हणालात. "थोडी थोडी कमी करायची. दारूचं परमिट काढायचं तर त्याचं नाव कागदावर येतं, मग तुझ्या आईपर्यंत जातं. ती आधीच रडून बसलीय त्याच्यासाठी." खोलीची मालकीण रोज मोजून द्यायची, आणि पुढच्या बाटलीत तुम्ही आणखी थोडी कमी भरायचात. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

पुढच्या दिवाळीत तो आपल्या दारात उभा राहिला, वाळलेला, पण हात स्थिर. आईने त्याला पाटावर बसवून भात वाढला. नाशिककडे नोकरीला होतो, असं तो म्हणाला. तुम्ही आमटी मागितलीत.

मी नंतर एका गॅरेजवाल्याला विचारलं. टाकी पुढून उचलली तर तळाचं पेट्रोल मागे येतं, हे खरंच आहे. म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तेच मला जास्त टोचलं. आणि खरं म्हणजे दुसरीच एक गोष्ट अजून सुटत नाही. त्या रविवारी तुम्ही इतक्या सहज "चल" का म्हणालात? मागे लेक बसलेली असली की नाक्यावर झडती कमी होते, हे तुमच्या लक्षात आलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेल, हल्ली तपासणी वाढलीय म्हणून. पकडले गेलो असतो तर माझी शाळा गेली असती, तुमची गिरणी गेली असती. ते तुम्ही तोललंत का? की मी मागे लागले म्हणून नेलंत, आणि बाकी सगळं माझ्या संशयी डोक्यातलं?

तुम्ही होतात तेव्हा कितीदा तरी शब्द ओठांवर आले आणि मी गिळले. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी चिडले असते, नाही म्हणाला असतात तर मला खरं वाटलं नसतं. आता या वयात एवढं कबूल करते, की तुम्ही मला मुद्दामच नेलं असाल, तर मला ते आवडेल; म्हणजे तुम्ही मला भरवशाची मानलंत. पण हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. म्हणून हा कागद इथेच राहू दे.