निर्णयक्षमता : पाचपैकी दोन

३ मार्च, सोमवार
पुण्याच्या हेड ऑफिसातून प्रियदर्शनी मॅडम आल्या. म्हणाल्या, प्रत्येक मॅनेजरने आपल्या हाताखालच्यांमधून एक लीडर घडवायचा. असिस्टंट मॅनेजरची जागा त्यातूनच भरणार. माणसं घडवणं माझ्या रक्तातच आहे. उमेदवार ठरवली : मिना राठोड, हळद पॉलिश विभागाची सुपरवायझर. तांड्यावरची पहिली ग्रॅज्युएट, नऊ वर्षं इथंच. उद्यापासून तिला रोज एक तास द्यायचा.

७ मार्च, शुक्रवार
तास देता आला नाही. सीझन आहे. सोमवारपासून नक्की. (तसा तिने मागितलाही नाही.)

१२ मार्च, बुधवार
मॅडमनी सांगितलेला प्रयोग : एक दिवस मॅनेजरने सुटी घ्यायची, कारखाना उमेदवारावर सोपवायचा. घेतली सुटी. नऊ ते पाच गेटसमोरच्या हॉटेलात बसलो, गरज पडली तर जवळ असावं म्हणून. सात चहा. मिनाला अकरा फोन. तिने एकच उचलला, म्हणाली, सर, आराम करा.

दुपारी जवळा बाजार गावच्या एका व्यापाऱ्याचा हळदीचा ट्रक आला. तिने पोत्यातलं हळकुंड काढून मोडलं. खण्ण वाजलं नाही. माल ओला म्हणून दहा मिनिटांत ट्रक परत. व्यापारी मोठा, तरी ऐकलं नाही. मी असतो तर पुण्याला विचारलं असतं आणि ट्रक दोन दिवस गेटवर उभा राहिला असता. एकूण दिवस बरा गेला. ॲसिडिटी झाली.

१३ मार्च, गुरुवार
हमाल संतराम म्हणाला, काल लई शिस्तीत काम झालं, तुमी अजून चार दिवस सुटी घ्या. गमतीत म्हणाला असेल.

१७ मार्च, सोमवार
मिनाचा मूल्यमापन फॉर्म भरला. मेहनत पाच. वक्तशीरपणा पाच. निर्णयक्षमता दोन. पहिल्याच वेळी पाच दिले की माणूस बिघडतं. शेरा : ‘अजून वेळ हवा.’ तिच्या भल्यासाठीच आहे. पाठवून दिला. जेवण गेलं नाही.

२० मार्च, गुरुवार
बायकोला सांगितलं. पुनम म्हणाली, म्हणजे तुमी त्या पोरीच्या पोटावर पाय दिला. हिला मॅनेजमेंटमधलं काय कळतं? तरी उद्या मॅडमना फोन करून दोनाचे पाच करायचे. ठरलं म्हणजे ठरलं.

२१ मार्च
रेंज नव्हती.

२२ मार्च
रेंज होती. पण मॅडम कामात असतील.

२४ मार्च
सोमवारी कुणालाच फोन करू नये.

२८ मार्च, शुक्रवार
निकाल आला. जागा परभणीच्या कुणाला तरी गेली. मिनाच्या नावापुढे कारण : निर्णयक्षमता कमी. मिनाने कागद वाचला, उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि कामाला गेली. तांड्यावर तिच्या आईने पेढे सांगून ठेवले होते, असं संतराम म्हणाला. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, लाज वाटली.

१ एप्रिल, मंगळवार
मिना वही घेऊन केबिनमध्ये आली. मला वाटलं राजीनामा. म्हणाली, “सर, तुमी माझ्यासाठी लई केलं, मला ठाऊक हाय. निर्णय घेण्यातच मी कमी पडले. तेवढं शिकवाल का? रोज अर्धा तास लवकर येत जाईन.”

तिला खरं सांगायला तोंड उघडलं. ‘हो, ये की’ एवढंच बाहेर आलं.

३ एप्रिल, गुरुवार, सकाळी ८.३०
पहिला तास. तिने वही उघडून विचारलं, “सर, तुमी आजवरचा सगळ्यात अवघड निर्णय कोणता घेतला? अन् कसा घेतला?” उद्या सांगतो म्हणालो.

४ एप्रिल, शुक्रवार
सतरा वर्षांची नोकरी आठवून पाहिली. पुण्याला न विचारता, माझा मी घेतलेला निर्णय एकच सापडला. १७ मार्चचा, त्या दोन मार्कांचा.

मिनाला म्हणालो, सोमवारी सांगतो.

ती म्हणाली, “बराबर हाय सर. घाई करू नये.”