नोव्हेंबरपासून बाहेर असलेल्या घराबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन प्रमुख,
सोलबात अपार्टमेंट, जेचॉन.

अर्जदार : पांग इक-सू, इमारत २, घर क्र. ७०३.

विषय : आमच्या घरचा बॉयलर चालू करण्याची सूचना स्पीकरवरून देण्याबाबत.

संदर्भ : १) घरोघरच्या स्पीकरवरून आपण केलेली हिवाळी निवेदने. २) माझी पत्नी मेंग सुन-रे हिचा स्वभाव.

महोदया,

१. वरील विषयास अनुसरून कळवितो की, भिंतीवरील कंट्रोलरवर 'बाहेर' नावाची एक कळ आहे. ती दाबली की पाइप गोठू नयेत एवढाच बॉयलर पेटतो, जमिनीखालच्या पाइपांतून गरम पाणी खेळून घरची जमीन तापत नाही. "घराबाहेर जाताना बॉयलर बंद न करता 'बाहेर'वर ठेवावा," असे निवेदन आपण नोव्हेंबरात केलेत. पत्नीने त्याचे तंतोतंत पालन केले. बाजारात जाताना कळ दाबली, कचरा टाकायला जाताना दाबली, मागच्या बाल्कनीत बरणीतली किमची काढायला जातानाही दाबली. आता ती घरात बसूनच दाबते. बॉयलरच्या समजुतीप्रमाणे आम्ही नोव्हेंबरपासून घरी नाही.

२. प्रथम मला बिघाडाची शंका आली. पाण्याच्या दाबाचा काटा खाली गेला होता, म्हणून पाणी भरले. पाइपांत गुडगुड होत होती, म्हणून सिंकखालच्या व्हॉल्व्हमधून हवा काढली. तेव्हा आधी फुसफुस व मग काळे पाणी आले, व ते सर्व माझ्या मोज्यांवर आले. जमीन तरीही गारच. अखेर बॉयलरवाले श्री. क्वाक यांना बोलाविले. त्यांनी गाळणी धुतली, ज्योत पाहिली आणि म्हणाले, "आजोबा, बॉयलर ठणठणीत आहे. बिघाड आजींमध्ये आहे, आणि तो आमच्या कंपनीच्या वॉरंटीत येत नाही."

३. "पाइप उबदार कपड्यांनी गुंडाळावेत," हेही आपलेच निवेदन. त्यानुसार माझी लोकरी विजार सध्या पाइपांच्या अंगावर आहे. पत्नीने धूर बाहेर नेणारे नळकांडेही माझ्या स्वेटरने गुंडाळले होते. ते पाहून श्री. क्वाक यांचा चेहरा पांढरा पडला. सांधा हलला असता तर विषारी वायू घरात भरला असता, असे त्यांनी ओरडून सांगितले. पत्नी म्हणाली, "स्पीकरवर तसं कुठं सांगितलं?" तरी याबाबत स्वतंत्र निवेदन व्हावे. स्वेटर मला परत मिळाला आहे. विजारीची आशा मी सोडली आहे.

४. माझे म्हणणे ती ऐकत नाही, ही तक्रार नाही. लग्नानंतर लवकरच मी ती मागे घेतली. परंतु मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. घर गरम ठेवा, असे डॉक्टरांनी बजाविले. तिने तिथे मान डोलावली व घरी येऊन म्हणाली, "डॉक्टरांचं काय जातंय? अहो, दोन म्हाताऱ्यांसाठी अख्खी जमीन तापवायची?" मी रागावलो तर म्हणते, "तुम्हाला थंडी वाजते ना? मग अजून एक पांघरूण घ्या. स्पीकरवर सांगू देत, मग लावते." गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा खोकते आहे. तोंड उशीत खुपसून खोकते, म्हणजे मला कळू नये. मला कळते, महोदया. मला फार भीती वाटते.

५. ती कंजूष आहे असा आपला गैरसमज होऊ नये. नातू आला की जमीन इतकी तापते की पाय टेकवत नाही. दुसऱ्या कोणासाठी असेल तर ती बॉयलर लावते. स्वतःसाठी मात्र तिच्याकडून कळ दाबली जात नाही.

६. म्हणून विनंती की, पुढील निवेदन करावे : "क्र. ७०३ ची जमीन गार असल्याने वरच्या ८०३ मध्येही गारठा पोहोचतो. तेथे तान्हे बाळ आहे. तरी ७०३ ने बॉयलर 'घरी' या कळीवर ठेवावा." हे खोटे नाही. श्री. क्वाक यांच्या मते वर नखाएवढा फरक पडतो. निवेदनात 'नखाएवढा' हा शब्द टाळावा. बाळाच्या आई, सौ. ना-ग्योंग, यांनी संमती दिली आहे. त्या म्हणाल्या, "आजोबा, हवं तर बाळाला सर्दी झाली म्हणून सांगा." तेवढे खोटे नको, असे मी कळविले. फारच गरज पडली तर सांगावे.

७. निवेदनात माझे नाव येऊ नये. सकाळी ती केस विंचरायला स्पीकरखालीच बसते, त्या वेळी करावे. गेल्या वर्षीच्या "नळ बारीक धारेने चालू ठेवा" या निवेदनानंतर "बंद करा" असे कोणी सांगितले नाही, म्हणून चेरीचा बहर झडला तरी आमचा नळ वाहत होता. तोच अनुभव ध्यानात घेऊन, या वेळीही पुढे काही सांगू नये.

तरी आम्हा दोघांना घरी परत आणावे, ही विनंती.

आपल्या स्पीकरवर भिस्त ठेवून असलेला,
पांग इक-सू
१४ जानेवारी

सोबत : १) सौ. ना-ग्योंग यांची संमती. २) वाळवलेल्या पर्सिमन फळांची एक माळ. ही लाच नसून, पत्नीने आपल्यासाठी दिली आहे. मी कार्यालयात कशासाठी चाललो आहे, हे तिला ठाऊक नाही. जाताना म्हणाली, "त्या बाईंचा आवाज बसल्यासारखा वाटतो हो. त्यांना म्हणावं, ऑफिस जरा गरम ठेवत जा."