एकटे पाहुणे

चिमे,

सगळ्यांना फोन करून झाले. तू केलेल्या लग्नातल्या बसण्याच्या तक्त्यावर येणाऱ्यांच्या नावांपुढे खुणा केल्यात. तुझ्या सासरचे दोघे काका एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांना लांब लांब बसव.

माझं नाव घरच्यांच्या टेबलावर शोधलं. निघालं दाराजवळच्या 'एकटे पाहुणे'मध्ये. एकटी आहे, खरंय गं. पण तुझी आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालणारी आत्या पाहुणी कधी झाली? तुझे बाबा म्हणाले, "ताई, खुर्च्यांचा प्रश्न आहे."

मी कीर्तनाला जातेय. तिथे जागा दिसेल तिथे टेकावं, कुणी नातं विचारत नाही. दूध तापवलंय. लग्नाला येईन, देव तुझं भलंच करो. माझी खुर्ची मात्र मांडू नका. मी उभी राहीन.

आत्या