झोळीतले तोडे

हरसूल,
१२ ऑगस्ट १९९९

मालनताईंना नमस्कार.

तुम्ही अंगणवाडीत बाळांची वजनं मोठ्यानं वाचता. पूजाचं बाळ कमी भरलं, तेव्हा साऱ्या बाया तिच्या छातीकडं बघत राहिल्या. त्याची मला धास्ती बसली. म्हणून गेल्या महिन्यात वजनाच्या झोळीत ठेवताना माझ्या लखनच्या दुपट्यात मी सासूबाईंचा चांदीचा तोडा गुंडाळला. परवा दोन्ही गुंडाळले. काटा पुढं गेला, तुम्ही कार्डावरची रेघ वर नेली आणि म्हणालात, "मंजुळा, तुझं दूध अंगी लागतंय गं त्याच्या." मी हसलेसुद्धा.

ताई, वाढले ते तोडे होते. पोराचं मनगट अजून माझ्या अंगठ्याएवढंच आहे.

काल दुपारपासून तो छातीला तोंड लावत नाही. रडायचा तेव्हा मी वैतागायचे. आता रडतही नाही. सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली हाय, मीठमोहऱ्या उतरव." उतरवल्या. तरी तो डोळे उघडत नाही.

ही चिठ्ठी तुमच्याकडं धाडणार होते, पण तुम्ही वाचेस्तोवर कशी थांबू? मीच त्याला नि ही चिठ्ठी घेऊन निघते, तोंडानं हे मला सांगवणार नाही. मला दवाखान्यात घेऊन चला. तिथं आकडा मोठ्यानं वाचा, ताई. ह्या वेळी झोळीत तो एकटाच असेल.

तुमच्याशी खोटं वागलेली,
मंजुळा